भिंतीपलीकडचा श्रोता

मराठीत 'डीजे' हा माणूस नसतो. इतरत्र या दोन अक्षरांचा अर्थ तबकड्या वाजवणारी व्यक्ती असा होत असला, तरी आपल्याकडे 'डीजे आणला', 'डीजे लावला', 'डीजे बंद करा' असेच म्हणतात. आपला डीजे ही एक वस्तू आहे. ट्रकवर रचलेली, माणसाच्या दुप्पट उंचीची खोक्यांची भिंत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. मौज अशी की, ज्यांचे हे आडनाव ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली, आणि तिचे पहिले उत्पादन होते ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करणारे यंत्र. नको असलेला आवाज घालवण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्याचे नाव आपण गोंगाटाला देऊन टाकले.

त्यामुळे आमच्या एकोणीस वर्षांच्या कन्येने 'मला डीजे शिकायचंय' असे जाहीर केले, तेव्हा आम्हां उभयतांच्या डोळ्यांसमोर ती भिंतच उभी राहिली. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. नवघर रस्त्याने जाणाऱ्या मिरवणुकांच्या वेळी खिडक्यांच्या काचा कशा थरथरतात, हे आम्हांला ठाऊक आहे. सोसायटीतून पोलीस ठाण्याला गेलेल्या तक्रारअर्जांवर आमच्या सह्या आहेत. एका अर्जाचा तर मसुदाही आमचाच. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाबाबत सविस्तर निकाल दिला, त्या दिवशी आमच्या घरी सण असल्यासारखे वातावरण होते. अशा घरात आता डीजे येणार होता.

कन्येने आमची समजूत काढली ती इतिहास सांगून. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, एका भाड्याच्या सदनिकांच्या इमारतीतल्या सामायिक दिवाणखान्यात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्याआधीची एक मेजवानी ठेवली. तिथे तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे पुढे कूल हर्क या नावाने ओळखला गेलेला तरुण, तबकड्या वाजवत होता. गाण्यातला नुसत्या वाद्यांचा, नाचायला उठवणारा तुकडा लांबवत नेण्याच्या त्याच्या युक्तीतून हिपहॉप जन्मले असे मानतात. "बाबा, ते पण सोसायटीतच झालं," कन्या म्हणाली. तिच्या दृष्टीने युक्तिवाद संपला होता.

तिने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एक 'कंट्रोलर' आणला. हार्मोनियमएवढे यंत्र, दोन बाजूंना दोन फिरत्या चकत्या, मध्ये सरकत्या कळा. त्याला लॅपटॉप जोडायचा. हे सारे कशासाठी, हे समजून घेतल्याखेरीज पुढचा घोळ कळणार नाही, म्हणून थोडे सांगतो. एक गाणे खोलीत वाजत असते. त्याच वेळी दुसरे गाणे वाजवणाऱ्याच्या एका कानावरच्या हेडफोनमध्ये सुरू होते. उघड्या कानाने पहिले ऐकायचे, झाकल्या कानाने दुसरे, आणि दोघांचा ठेका जुळला की ऐकणाऱ्याच्या लक्षात न येता एकातून दुसऱ्यात जायचे. तबलजी गायकाच्या लयीचा अंदाज घेत ठेका धरतो, त्याच जातीचे हे काम. यात खोलीतला स्पीकर ही चैन उरत नाही. तो वाजवणाऱ्याचा दुसरा कान असतो.

सुरुवातीला तिने टीव्हीसाठीचा ब्लूटूथ स्पीकर वापरून पाहिला. तो निरुपयोगी ठरला. ब्लूटूथने आवाज पोचायला साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला १२५ ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर ४८० मिलिसेकंद. म्हणजे स्पीकर जवळजवळ अर्धा ठोका मागे. गाणे ऐकताना हे कळतही नाही, पण ठेका जुळवणाऱ्याला ते पायाखालची फरशी सरकल्यासारखे वाटते. तेव्हा तारेने जोडायचे स्पीकर घेणे आले.

इथे आमची पहिली चूक झाली. कार्यक्रमांना साउंड भाड्याने देणाऱ्या एका परिचिताकडून आम्ही शनिवार-रविवारपुरते बारा इंची कर्ण्याचे दोन खोके आणले. मोठे असले की चांगलेच असणार, आणि आवाज कमी ठेवायला आपल्याला कोण अडवते, असा आमचा हिशेब. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास कन्येने वाजवायला सुरुवात केली. आवाज खरोखरच कमी होता. आम्ही बाहेरच्या खोलीत बोलू शकत होतो. तरी शोकेसमधले स्टीलचे पेले किणकिणू लागले. वीसेक मिनिटांनी बेल वाजली.

दारात शेजारच्या सिस्टर होत्या. त्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. इमारतीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. डोळे झोपेने सुजलेले, केस विसकटलेले. त्या तक्रार करायला आल्या आहेत असे त्यांच्या बोलण्यातून जाणवलेही नाही. त्यांनी फक्त विचारले, "आज काय आहे?"

या प्रश्नाने आम्हांला ओशाळवाणे केले. आपल्याकडे मोठ्या आवाजामागे काहीतरी असायलाच हवे: सण, लग्न, जयंती, निदान विजय. काही असेल तर सोसायचे, हा अलिखित करार. आमच्याकडे काहीच नव्हते. "काही नाही सिस्टर, मुलगी जरा शिकतेय," असे आम्ही पुटपुटलो. त्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. सकाळी नऊला घरी येऊन त्या अकराला झोपल्या होत्या.

तक्रारअर्जांतून आम्ही ज्यांचे दाखले दिले होते, ते ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून पाच डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. या नियमांना सिस्टरांची रात्र ठाऊक नाही. त्यांची रात्र अकरा ते पाच असते, आणि ती सूर्यप्रकाशात असते.

कन्या त्यांच्यासमोर रडकुंडीला आली होती. त्याच म्हणाल्या, "अगं, रडतेस कशाला? येऊन ऐक तरी माझ्याकडून." मग आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. आमच्या घरात लॅपटॉपवर गाणे आपोआप चालू राहिले होते.

ज्या भिंतीच्या अलीकडे कन्येचे टेबल होते, तिच्याच पलीकडे सिस्टरांच्या पलंगाची उशाची बाजू होती. तिथे गाणे नव्हतेच. सूर, शब्द, झांजेची किणकिण सारे विटांनी अडवले होते. पलीकडे पोचला होता तो फक्त ठोका. एकसारखा, न थकणारा, कुणीतरी उशीतून मुठीने हलकेच गुद्दा मारत राहावे तसा. कन्येने भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आमच्या फोनमधले आवाज मोजणारे ॲप ४४ दाखवत होते. आम्ही नियमात होतो.

नियमात असूनही शेजारीण झोपू शकत नाही, हे कोडे आम्हांला स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर मापाच्या पद्धतीत आहे. नियमांतले डेसिबल 'ए' गाळणीचे असतात. माणसाचा कान हळू आवाजात खर्जाला मंद असतो, म्हणून मोजतानाही खर्ज वजा केला जातो. ५० हर्ट्झच्या आसपास ही गाळणी सुमारे ३० डेसिबल वजा करते. म्हणजे ज्या पट्टीने आम्ही मिरवणुकांना हटकले, ती पट्टी ठोका जेमतेमच मोजते. कान त्याकडे दुर्लक्ष करतोही. पण पलंग, बरगड्या आणि झोप करत नाहीत.

दुसरे उत्तर आमच्या खोलीत होते. ती दहा फूट बाय दहा फूट आहे, उपनगरातल्या असंख्य शयनकक्षांसारखी. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटरचे अंतर असेल, तर सुमारे ५६ हर्ट्झचा खर्ज त्यांच्यामध्ये नेमका बसतो आणि घुमतो. खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांना तोच स्वर घुमतो. नऊ फुटांचे छत त्याच्या जवळचाच, ६२ हर्ट्झचा स्वर घुमवते. नाचाच्या गाण्यातल्या मोठ्या ढोलाचा मूळ ठोकाही ५० ते ६० हर्ट्झच्याच घरात असतो. म्हणजे बिल्डरने आमच्या नकळत आम्हांला ठोक्याच्या स्वरात लावलेली खोली विकली होती. आणि आमच्या इमारतीत शेजारशेजारची घरे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे आहेत. सिस्टरांची खोलीही तेवढीच, त्याच स्वरात लागलेली. एक तंबोरा छेडला की शेजारचा गुणगुणतो, तसे हे झाले होते.

कुणी सुचवले, भिंतीला फोम चिकटवा. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटरांची, म्हणजे वीस फुटांची असते. दोन इंचांचा फोम तिला काय अडवणार? तो टाळ्यांचा चटचटाट शोषतो, ठोका जसाच्या तसा जाऊ देतो. मच्छरदाणी लावून पूर थोपवण्यासारखे ते.

कन्येने चार दिवस यंत्राला हात लावला नाही. पाचव्या दिवशी ते विकण्याची भाषा सुरू झाली. आम्हांला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण वाटले नाही. तक्रारअर्जावर सही करताना आमची मागणी शांततेची होती, संगीत बंद पाडण्याची नव्हती, असे आम्ही नेहमी म्हणत आलो. ते खरे होते की सोयीचे, हे पाहण्याची वेळ आता आमच्याच घरी आली होती. मग एका रविवारऐवजी शनिवारी, दुकाने उघडी असतात म्हणून, आम्ही मुलुंडहून दादर आणि दादरहून ग्रँट रोड अशी गाडी पकडून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराला सारी मुंबई जुन्याच नावाने ओळखते.

बाजारात स्पीकर वॉटवर विकले जातात, जसे कलिंगड वजनावर. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो तीनच डेसिबलने. कानाला दुप्पट वाटावा इतका, म्हणजे दहा डेसिबल वाढवायचा, तर वॉट दसपट लागतात. शिवाय दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, मग तो कसाही असो. कन्येला हे ठाऊक होते. ती प्रत्येक जोडीचा आवाज फोनच्या ॲपवर सारखा करून घेत होती आणि डोळे मिटून ऐकत होती. दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्टूल दिले.

तिथे आम्हांला उमगले की स्पीकरांच्या मुळातच दोन जाती आहेत. एक जात गर्दीशी बोलते. दूर, रुंद, मैदानाच्या टोकापर्यंत पोचणे हे तिचे काम. मराठीतले दोन्ही शब्द, 'ध्वनिवर्धक' आणि 'ध्वनिक्षेपक', याच जातीचे आहेत: एक आवाज वाढवतो, दुसरा तो फेकतो. दुसरी जात वाजवणाऱ्याशी बोलते. तिला 'मॉनिटर' म्हणतात. तीन फुटांवर बसलेल्या एका माणसाला, त्याने काय केले आहे ते जसेच्या तसे ऐकवायचे, एवढेच तिचे काम. मॉनिटर म्हटले की आम्हांला शाळेतला आठवतो: बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा. हाही तेच करतो. ठेका निसटला, दोन गाण्यांचे खर्ज एकमेकांवर आदळले, की नाव फळ्यावर.

यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचे, पांढऱ्या कर्ण्याचे स्पीकर दिवाणखान्यासाठी काढले होते. गोड वाजत नाहीत म्हणून घरांत ते फारसे चालले नाहीत. नेमक्या त्याच कठोरपणासाठी जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी ते उचलले, आणि २००१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत स्टुडिओ-स्टुडिओतून ते दिसत राहिले. यावर जे चांगले वाजले ते कुठेही चांगले वाजेल, अशी त्यांची ख्याती. तोंडावर खरे बोलणारा मित्र दिवाणखान्यात नकोसा होतो. कामाच्या टेबलाशी मात्र तोच हवा असतो.

आमच्यातल्या एकाची उमेदीची वर्षे छापखान्यात गेली. त्याच्या श्रवणचाचणीच्या आलेखावर ४००० हर्ट्झपाशी खड्डा आहे. गोंगाटात काम केलेल्या कानांची ती ओळखीची खूण. दुकानात कन्या म्हणाली, "बाबा, या जोडीत झांज किती मोकळी वाजतेय, ऐका." बाबांनी मान डोलावली. त्यांना झांज ऐकू आली नव्हती. परतीच्या गाडीत ते त्यांनी कबूल केले. कन्या काही बोलली नाही. पण घरी आल्यावर तिने शोधून काढले की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असे धरले, तर पुढच्या दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, आणि शंभराला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. तो हिशेब तिने स्वतःच्या हेडफोनच्या डबीवर लिहून ठेवला आहे.

शेवटी घेतले ते पाच इंची कर्ण्याचे दोन मॉनिटर. आठ इंचांचे घ्यावेत असा मोह होता, कारण ते खर्जात ४० हर्ट्झच्याही खाली उतरतात. पण आमची खोली त्या खर्जाचे गाणे होऊ देणार नव्हती. ती त्याचा घुमारा करून सिस्टरांच्या उशाशी पाठवणार होती. पाच इंची मॉनिटर ५५ हर्ट्झच्या आसपासच दम सोडतात. दुकानदाराच्या दृष्टीने ही त्यांची उणीव. आमच्या भिंतीच्या दृष्टीने हाच सद्गुण. वेगळा सबवूफर घ्यायचा प्रश्नच नव्हता. टेबल सामायिक भिंतीपासून हलवून रस्त्याकडच्या, खिडकीच्या भिंतीला नेले. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले, कारण कोपरा खर्ज फुगवतो. खाली जाड रबर घातले, कानापासून तीन फुटांवर ठेवले, आणि मागची खर्ज उतरवणारी कळ पुरती उतरवली. जवळ बसले की कमी आवाज पुरतो; अंतर निम्मे केले की सहा डेसिबल फुकट मिळतात. एवढी बचत कुठल्याही वॉटांत नाही.

मग सर्वांत महत्त्वाची चाचणी. कन्येने वाजवायला ठेवले आणि ती स्वतः सिस्टरांच्या खोलीत जाऊन, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या पलंगावर आडवी झाली. आम्ही अलीकडे आवाजाची कळ फिरवत होतो, ती फोनवर 'अजून कमी', 'अजून' म्हणत होती. एका जागी ती म्हणाली, "आता नाही येत." तिथे तिने कळीवर लाल पेनाने रेघ मारली. ती रेघ दुकानातल्या कुठल्याही तक्त्यात नव्हती.

रेघेच्या आतले संगीत तिला पुरते का? नाही. इतक्या हळू आवाजात कान खर्ज आणखीच कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच ते दाखवून दिले आहे. नाचाचे गाणे हळू ऐकणे म्हणजे भजी वाफवून खाणे, हे तिचे मत आम्हांला मान्य आहे. शहरात कला शिकण्याची ही किंमत आहे, आणि ती तिने भरायची की सिस्टरांनी, एवढाच प्रश्न होता. तो तिने सोडवला, आम्ही नाही. सिस्टरांच्या पाळ्यांचा तक्ता तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी स्पीकर मुके आणि सरावाचा सारा भार हेडफोनवर. मिरवणुकीच्या भिंतींवर आम्ही आजही अर्ज करतो. मात्र मसुद्यात आता डेसिबलच्या आकड्याबरोबर पलंगाचाही उल्लेख असतो.

मागच्या महिन्यात सिस्टरांची साप्ताहिक सुट्टी होती. संध्याकाळी त्या आमच्याकडे चहाला आल्या आणि कन्येच्या खोलीत, स्पीकरांच्या समोर, तिच्याच खुर्चीत बसल्या. तिने त्या शनिवारी दुपारी वाजत होते तेच गाणे लावले, रेघेच्या थोडे पुढे. भिंतीपलीकडे त्या दिवशी कुणी नव्हते. सिस्टर थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ह्याला गाणं पण आहे होय!"